पाच अँपियर

“खेळायचं असेल तर लॅपटॉप घेऊ नका, पळायचं असेल तर घ्या.”

सरमद हे एका गिऱ्हाइकाला म्हणाला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून एका कीबोर्डमधली वाळू झटकत होतो. गिऱ्हाईक हसलं, लॅपटॉप घेऊन गेलं, आणि दोन महिन्यांनी कळलं की ते खरोखरच पळालं. आधी तुर्कस्तान, मग पुढे कुठेतरी. तेव्हापासून हे वाक्य सिनाआ रस्त्यावर फिरत राहिलं. समोरचा प्रिंटरवाला रोज सकाळी शटर उचलताना विचारायचा, काय सरमद, आज किती जणांना पळवणार? सरमद नुसता बघायचा. आपण विनोद केला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बगदादच्या त्या रस्त्यावर संगणकाची दुकानं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्यातलं एक आमचं. दुबईहून जुने लॅपटॉप पेट्या भरून यायचे. आम्ही ते उघडायचो, पुसायचो, दुरुस्त करायचो, विकायचो. एका बाकावर आम्ही बारा वर्षं बसलो. सरमदचं आणि माझं घर एकाच गल्लीत, बलदियात नावाच्या मोहल्ल्यात. लहानपणी आम्ही एकाच वर्गात होतो, आणि त्या वर्गाला भूगोल शिकवायचे ते सरमदचे वडील, उस्ताद नाझिम.

लॅपटॉपवर गेम चालेल का, हा प्रश्न दुकानात दिवसातून दहा वेळा यायचा. बाकीचे दुकानदार त्यावर आकडे फेकायचे: एवढी मेमरी, असलं ग्राफिक्स कार्ड, एवढ्या इंचांचा पडदा. सरमद आधी विचारायचा, घरी गल्लीतल्या जनरेटरचे किती अँपियर विकत घेता? मग विचारायचा, खोली गच्चीखालची आहे का, कूलर कुठल्या भिंतीला आहे, सरकारी वीज गेल्यावर तुमच्या गल्लीचा जनरेटर सुरू व्हायला किती सेकंद लागतात. कुठला गेम हे तो सगळ्यात शेवटी विचारायचा, कधी विचारायचाच नाही. एकदा एक बाई वैतागून म्हणाली, बाबा रे, मी लॅपटॉप घ्यायला आलेय, मुलगी द्यायला नाही.

पण त्याच्या प्रश्नांत अर्थ होता. टेबलावरचा मोठा संगणक ताकदवान असतो, पण आमच्याकडे वीज दिवसातून आठ-दहा वेळा हात बदलते, सरकारकडून जनरेटरकडे, जनरेटरकडून सरकारकडे, आणि प्रत्येक वेळी मधे काही सेकंदांची फट पडते. मोठा संगणक त्या फटीत मरतो. त्याला बॅटरीची पेटी जोडावी तर एका उन्हाळ्यात तिची बॅटरी फुगून बसते. लॅपटॉप त्या फटीतून जिवंत पार होतो. पण चार्जरची वीज थांबली की तो जीव वाचवायला लागतो. चित्रं अडखळतात, बोट दाबल्यानंतर खेळाडू पळतो तो अर्ध्या क्षणानं. सरमद म्हणायचा, मोठा मरतो, हा म्हातारा होतो. कुठलं बरं ते घरच्या परिस्थितीवर आहे.

आमच्या शाळेमागे एक मैदान होतं. मातीचं, एका गोलला खांब आणि दुसऱ्याला दोन दगड. तिथे सरमद उजव्या कडेनं धावायचा. मी त्याला चेंडू द्यायचो, एवढंच माझं काम. तो धावायला लागला की मागचा आवाज बंद व्हायचा असं मला वाटायचं. बहुतेक धूळ कानात जात असावी. आम्ही पंधरा वर्षांचे होतो त्या हिवाळ्यात मैदानावर सिमेंटच्या उंच भिंती आणून उभ्या केल्या, एकीला चिकटून दुसरी. पंथापंथांत मारामाऱ्या चालल्या होत्या, पलीकडच्या मोहल्ल्यातून कुणी येऊ नये म्हणून. त्या अजूनही तिथंच आहेत. शाळा सहा महिने बंद राहिली, संचारबंदी दुपारपासून लागायची, आणि सरमदच्या मामानं आपल्या तळघरात सहा संगणक मांडले होते. त्यांच्यावर फुटबॉलचा खेळ होता. सरमद त्या तळघरात गेला तो तसा पुन्हा वर आलाच नाही. उजवा पाय हळूहळू बोटांत उतरला.

माणसांना वाटतं, पडद्यावरचं फुटबॉल म्हणजे पोरखेळ. त्याच्यासाठी बघितलेल्या दोन मुलींच्या घरच्यांनाही तसंच वाटलं. मुलगा काय करतो? दुकानात बसतो. आणि? खेळतो. आणि? त्या ‘आणि’च्या पुढे त्याच्या आईकडे काही नसायचं. उम्म सरमद दोन्ही घरून परत येऊन अंगावरची अबाया खुंटीला टांगायची आणि भात टाकायची, जणू बाजारातून आली.

उस्ताद नाझिम मात्र मुलाच्या खेळाबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. जगातली सगळी बंदरं त्यांना पाठ होती, आणि स्वतः बसऱ्याच्या पुढे गेले नव्हते. आखातातला एक क्लब दर उन्हाळ्यात इंटरनेटवरून खेळाडू निवडतो, निवडलेल्याला करार, राहायला खोली आणि तिथं राहण्याचा परवाना मिळतो, असं सरमदनं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की ती खोली समुद्राच्या बाजूला आहे का. सरमदला माहीत नव्हतं. “विचारून घे,” ते म्हणाले.

पहिल्या वर्षी तो मोठ्या संगणकावर खेळला. तो त्यानं सहा वर्षांत एकेक तुकडा जमवून उभा केला होता. निवडीचा नियम असा होता की सामना चालू असताना एखाद्याचं इंटरनेट किंवा यंत्र बंद पडलं तर तो सामना पुन्हा पहिल्यापासून, शून्य-शून्यावर, खेळवायचा. पण अशी सूट एकदाच. सरमदच्या घरी वीज दोनदा हात बदलली. पहिल्यांदा सामना पुन्हा झाला. दुसऱ्यांदा पडदा काळा झाला आणि तो त्या काळ्या पडद्यासमोर तसाच बसून राहिला, त्यात त्याला त्याचंच तोंड दिसत असणार.

पुढच्या वसंतात त्यानं मोठा संगणक विकला. दुकानात आलेल्या एका पेटीतून त्यातला सगळ्यात चांगला लॅपटॉप त्यानं स्वतःसाठी ठेवला. मी म्हटलं, तूच लोकांना सांगतोस ना, खेळायचं असेल तर घेऊ नका म्हणून? तो स्क्रू घट्ट करत होता. “मग मी खेळायला कुठे घेतोय,” तो म्हणाला.

या वेळी त्यानं सगळं मोजलं. घराला जनरेटरचे पाच अँपियर. लॅपटॉपला एकाहूनही कमी लागतो, पण पन्नास अंशांच्या उन्हात लॅपटॉप तापला की तो पुन्हा म्हातारा, म्हणून त्याच्यावर कूलर रोखून ठेवायचा. फ्रिज बंद, दिवे बंद, पाण्याची मोटर बंद. इंटरनेटच्या पेटीला मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडली. एकच गोष्ट त्याच्या हातात नव्हती: दोन तास वीज एकाच हातात राहायला हवी होती. त्यासाठी आम्ही दोघं हाजी खुदैरकडे गेलो.

हाजी खुदैर आमच्या गल्लीच्या जनरेटरचे मालक. मोकळ्या जागेत पत्र्याखाली ते इंजिन वर्षानुवर्षं धडधडतंय, आणि त्याच्याजवळ बसून हाजींचे कान गेले आहेत. सगळी गल्ली उन्हाळाभर त्यांना शिव्या देते आणि रस्त्यात भेटले की हात छातीवर ठेवून सलाम करते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे सरमदची गुप्त विनंती गल्लीतल्या प्रत्येक खिडकीनं ऐकली: शुक्रवारी चार ते सहा, सरकारी वीज आली तरी जनरेटर बंद करू नका.

हाजींनी ती दोनदा सांगायला लावली. मग उठले, सरमदचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “नाझिम उस्तादांनी मला माझं नाव लिहायला शिकवलं,” ते म्हणाले. “मोठेपणी, रात्रीच्या वर्गात. आणि तू मला दोन तासांचं डिझेल मागतोस? लाज वाटत नाही? चार तास माग.”

घरी परतताना सरमद खूप दिवसांनी हसला. मला म्हणाला, बहिरा माणूस बरा, निदान एकदा ऐकलं की विसरत नाही.

दुकानातून का खेळला नाही, असं नंतर लोकांनी मला विचारलं. शुक्रवारी सिनाआ रस्ता बंद असतो, आणि तिथला जनरेटरही. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या शुक्रवारी मी तीन वाजता त्याच्याकडे गेलो. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. उम्म सरमदनं फ्रिजमधलं मांस शेजारी ठेवायला दिलं होतं. उस्ताद नाझिम बैठकीच्या खोलीत खजुरीच्या पानांच्या पंख्यानं वारा घेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, जणू परीक्षेला त्यांनाच बसायचं होतं. बैठकीच्या खिडकीत एक एसी होता. तो फक्त सरकारी वीज असताना लावायचा, जनरेटरवर त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. पाच अँपियरवर तो लावला की जनरेटरजवळच्या फळीवरचं त्या घराच्या वाट्याचं बटण क्षणात खाली पडतं आणि वीज तुटते, हे गल्लीतल्या लहान मुलालाही माहीत होतं.

एकूण तीन सामने होते. तिन्ही जिंकणारा निवडला जाणार. मी सरमदच्या उजव्या हाताला बसलो, माझ्या गुडघ्याजवळ इंटरनेटची पेटी होती, तिचे हिरवे दिवे लुकलुकत होते. कूलरचं ओलं वारं लॅपटॉपवर सरळ येत होतं. पहिला सामना त्यानं तीन-शून्य जिंकला. ट्युनिसचा कुणी होता. दुसऱ्यात त्याला जरा झगडावं लागलं, दोन-एक. दुसरा सामना चालू असतानाच गल्लीत “आली, आली” अशी आरोळी उठली, सरकारी वीज आली होती. पण हाजींचं इंजिन थांबलं नाही. ते धडधडत राहिलं आणि आमची वीज हलली नाही. सरमदनं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे त्या मैदानातले होते.

तिसऱ्या सामन्याला पाच मिनिटं होती तेव्हा दारावर थाप पडली. स्वतः हाजी खुदैर आले होते. जनरेटर कामगाराच्या हाती सोपवून, धुतलेला पायघोळ दिशदाशा घालून, काखेत एक कलिंगड घेऊन. गल्लीचा पोरगा खेळतोय तर आपण घरी कसं बसायचं? उस्ताद नाझिम उठून दारापर्यंत गेले, त्यांना बैठकीत मानाच्या जागी बसवलं. भिंतीपलीकडून हाजींचा मोठा आवाज येत राहिला. सामना सुरू झाला.

आठव्या मिनिटाला सरमदनं गोल केला. उजव्या कडेनं, दोघांना चुकवून. त्याच वेळी भिंतीपलीकडून एक जड हुंकार आला आणि खिडकीची काच थरथरली. सरमदची बोटं क्षणभर थांबली. एसी सुरू झाला होता, आणि वीज गेली नव्हती.

“बटण का पडलं नाही?” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं असावं. खांबापासून घरापर्यंतची तार सात वर्षांपूर्वी त्यानंच ओढली होती, पाच अँपियरपुरती बारीक, छपराखाली एक जोड आणि त्यावर चिकटपट्टी. “अयसर, जा. बाबांना एसी बंद करायला सांग. तार नाही टिकायची.”

मी उठलो. बैठकीच्या दारात गेलो.

आत थंड होतं. ती थंडी मला अजून आठवते, घामावर आलेली. हाजी खुदैर पाय पसरून, डोकं मागे टेकून बसले होते, डोळे मिटलेले, आणि सांगत होते की आज सकाळीच त्यांनी फळीवरचं पाचाचं बटण काढून पंधराचं लावलं, उस्तादांच्या घरासाठी, महिनाभर असंच राहील, एक दिनारही घेणार नाही. उस्ताद नाझिम त्यांच्यासमोर उभे राहून पेल्यात पाणी ओतत होते. त्यांचा चेहरा मी शाळेपासून बघत आलो, पण असा कधी बघितला नव्हता. बारा उन्हाळे त्यांच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा घाम पुसत बसला होता आणि ते प्रत्येकाची माफी मागत होते. आज पहिल्यांदा पाहुणा मान मागे टाकून बसला होता. आतल्या दारात उम्म सरमद कलिंगडाची परात घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरून तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिनं मान जराशी हलवली. नको.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं: उस्ताद, एसी बंद करा. पाहुण्यासमोर. ज्यानं डिझेल दिलं, ज्यानं अँपियर दिले, त्याच पाहुण्यासमोर. हाजींना ऐकू आलं नसतं, पण थंडी गेलेली कळली असती.

“ये, अयसर, बस,” उस्ताद म्हणाले. “काय चाललंय?”

“एक-शून्य,” मी मोठ्यानं म्हटलं. “सरमद पुढे आहे.”

हाजींनी अल्लाचं नाव घेतलं. माझ्या हातात चहाचा पेला आला. मी तो घेतला. हातात आलेला चहा न पिता उठून जाता येत नाही, म्हणून मी तो उभ्यानं प्यायलो, जीभ भाजली, आणि परत आलो. सरमदनं विचारलं, सांगितलंस? मी हो म्हणालो असेन, नाहीतर मान डोलावली असेल. आता मला नीट आठवत नाही असं मी लोकांना सांगतो. पण आठवतं. मी मान डोलावली.

एसी चालूच राहिला. सरमदचा जबडा आवळला गेला, आणि तो खेळत राहिला.

सामन्याचं दुसरं सत्र सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल तेव्हा बाहेर छपराखाली फटाकडीसारखा आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. सरकारी वीज तोवर पुन्हा गेली होती. एसी थांबला. कूलर थांबला. लॅपटॉप थांबला नाही. त्यासाठीच तर तो घेतला होता. त्याचा पडदा किंचित मंद झाला, कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह आलं, आणि सरमदचे अकरा खेळाडू पाण्यात चालल्यासारखे चालू लागले.

माझ्या गुडघ्याजवळच्या पेटीचे हिरवे दिवे अजून लुकलुकत होते, मोटारसायकलच्या बॅटरीवर. तिची तार ओढली असती तर संपर्क तुटला असता आणि सामना पुन्हा पहिल्यापासून झाला असता. तोवर हाजींनी नवी तार टाकली असती. हे मला तेव्हाच सुचलं होतं. सरमदलाही सुचलं असणार. मी पेटीकडे बघितलं, त्यानं माझी नजर बघितली आणि मान हलवली, नको. तो एक-शून्यानं पुढे होता. पुढे असताना तार कोण काढतो? मग एक-एक झाला. बरोबरीत असताना माणसाला वाटतं, अजून एक. शेवटच्या क्षणांत समोरच्यानं दुसरा गोल केला तेव्हा तार काढणं म्हणजे सरळ चोरी होती, आणि ते त्याच्याच्यानं झालं नाही, माझ्याच्यानंही नाही. पलीकडचा खेळाडू कुठला होता ते मला माहीत नाही. तो सफाईनं खेळला. त्याच्या बाजूनं सगळं ठीक चाललं होतं.

मोठा संगणक असता तर मेला असता. मेला असता तर सामना पुन्हा झाला असता. हा जिवंत राहिला, म्हणून हार मोजली गेली. पुढे कित्येक दिवस मी हे मनात उलटसुलट करून पाहिलं. ते प्रत्येक वेळी तिथंच येऊन थांबतं.

बाहेर हाजी खुदैर कामगाराला हाका मारत होते. पासष्ट वर्षांचा तो माणूस स्वतः शिडीवर चढला, दिशदाशा कमरेला खोचून, आणि वीस मिनिटांत नवी जाड तार टाकून दिली. वीज आली. एसी पुन्हा सुरू झाला. उस्ताद नाझिम सरमदच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडीही त्यांनी सोडलेली नव्हती.

“काय झालं?”

सरमदनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. ते इतकं तापलं होतं की त्यानं बोटं झटकली.

“लॅपटॉप कमी पडला, बाबा.”

उस्तादांनी मान डोलावली. मी म्हणत होतोच, ते म्हणाले, मोठं यंत्र विकायला नको होतं. खिडकीतून ओरडून सांगितल्यावर हाजी शिडीवरूनच म्हणाले की आजकालचा माल असाच, दिसायला छान, कामाला शून्य, बघा ना, मी पंधरा अँपियर दिले तरी! मग सगळ्यांनी कलिंगड खाल्लं. सरमदनंही एक फोड खाल्ली, बिया मुठीत जमवल्या आणि त्या कुठे टाकाव्यात हे त्याला सुचत नसल्यासारखा बसून राहिला.

पुढच्या वर्षी क्लबनं वयाची अट घातली. पंचवीस. आम्ही तेव्हा एकतिसाव्यात होतो. ती बातमी मीच त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, बरं.

दुकानात तो येत राहिला. पण गिऱ्हाइकाला आता तो काही विचारायचा नाही, ना अँपियर ना कूलर. लॅपटॉपवर गेम चालेल का, असं कुणी विचारलं की तो ‘नाही’ म्हणायचा आणि खाली बघायचा. आमची विक्री घटली. समोरचा प्रिंटरवालाही थट्टा करेनासा झाला. ज्या माणसाला थट्टा लागत नाही त्याची थट्टा किती दिवस करणार. घरी तो बापाच्या आधी किंवा बापानंतर जेवायचा. उम्म सरमद मला रस्त्यात गाठून विचारायची, दुकानात काही झालंय का? मी म्हणायचो, काही नाही खाला, धंदा मंद आहे.

एकदाच तो त्या दिवसाबद्दल बोलला. त्या पानगळीत, दुकान आवरताना. “तू सांगितलंस,” तो म्हणाला, “तरी त्यांनी चालू ठेवला.” त्यात राग नव्हता. भूगोलाच्या तासाला आम्ही नद्यांची लांबी म्हणायचो, तसं त्यानं ते म्हटलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी शटरची कडी शोधत राहिलो.

अशी तीन वर्षं गेली.

या जानेवारीत उस्ताद नाझिम दुकानात आले. पहिल्यांदाच. त्यांच्याबरोबर त्यांचा एक जुना सहकारी होता, त्याला नातवासाठी यंत्र घ्यायचं होतं. उस्ताद आता काठी घेऊन चालतात. दाराच्या पायरीवर ते थांबले, सरमदनं बसायला म्हणावं याची वाट बघत. शेवटी मीच खुर्ची पुसली. चहा मागवला. सरमद एका उघड्या लॅपटॉपवर वाकून पंखा साफ करत होता, लहान ब्रशनं, जसं काही त्यातून कुणाला तरी वाचवायचं होतं.

“माझ्या मुलाला विचार,” उस्ताद आपल्या मित्राला म्हणाले, आवाजात थोडा अभिमान आणून. “त्याला अनुभव आहे. लॅपटॉपवर खेळ होत नाही. त्याच्यासारख्याचा झाला नाही, तर दुसऱ्या कुणाचा होणार? एवढी चांगली वीज होती त्या दिवशी.”

मित्रानं सरमदकडे बघितलं. सरमदनं मान वर केली नाही. कपातला चहा उस्तादांनी संपवला, कारण तो संपवायचा असतो. मग काठी टेकत उठले आणि मित्राला म्हणाले, चल, थंडी वाढायच्या आत घरी जाऊ. जाताना त्यांनी सरमदच्या खांद्याकडे हात नेला होता. तो खांद्याला न लागता काऊंटरच्या काचेवर टेकला आणि परत गेला. काचेवर पाच बोटांचे ठसे राहिले.

ते ठसे बघत मी बोललो. तीन वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते इतकं लहान निघालं.

“सरमद, मी सांगितलंच नव्हतं.”

ब्रश थांबला.

“एसीचं. मी आत गेलो, पण बोललो नाही. हाजी समोर होते. हातात चहा आला. तुझ्या बापाला काही माहीत नाही. आजही माहीत नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ब्रश खाली ठेवला. उघड्या लॅपटॉपचे स्क्रू बाटलीच्या झाकणात जमवलेले होते, ते त्यानं बोटानं एकदा फिरवले. पंखा त्याच्या जागी बसवला, पण तार जोडली नाही. उठला. त्याचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता, बाहेर पाऊस भुरभुरत होता. कोट त्यानं तसाच राहू दिला. माझ्या गुडघ्याला न लागता, अंग चोरून तो बाकामागून निघाला, काऊंटरची फळी उचलली, ती आपटू नये म्हणून हातानं हळू खाली आणली, आणि बाहेर पडून उस्ताद गेले त्या दिशेनं चालू लागला.